क, ख आणि मावशीचा डावा कान

३ मार्च

प्रिय मावशी,

पार्सल उघडण्याआधी हे पत्र वाच. तू आधी पार्सलच उघडलं असणार हे मला माहीत आहे, तरी लिहायचं म्हणून लिहिते.

आत दोन काळे डबे आहेत, काड्यापेटीपेक्षा जरासे मोठे. एकावर क, एकावर ख. सोबत हेडफोन आणि एक जुना मोबाइल, त्यात अकरा ध्वनिमुद्रणं भरली आहेत. मोबाइलची वायर डब्यात, हेडफोनची वायर डब्यात, हेडफोन कानावर, बस. मोबाइलमध्ये आवाज म्हणजे नुसती आकड्यांची रांग असते आणि कानाला आकडे कळत नाहीत. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणं हे या डब्यांचं काम. तीन वर्षं मी हेच करतेय, आणि काकांना अजून वाटतं की मी रेडिओ दुरुस्त करते.

आता मुद्द्याचं. कंपनी या दोनांतला एकच डबा बाजारात आणणार. एक माझा आहे, एक शिडीवाल्याचा. ज्याचा डबा पडेल त्याची रवानगी चार्जर विभागात. तो विभाग पलीकडच्या इमारतीत तळमजल्यावर आहे आणि तिथे गेलेला माणूस परत वर आल्याचं कुणी पाहिलेलं नाही. मला नाही जायचं तिथे, मावशी. त्या डब्यात माझा जीव अडकलाय.

शिडीवाला म्हणजे माझ्या समोरच्या टेबलावरचा माणूस. आकड्यांचा आवाज करायला बाजारात तयार चिप मिळते, ती आम्ही सगळे वापरतो. हा नाही वापरत. रेझिस्टर म्हणून विजेला अडवणारे बारके तुकडे असतात, तांदळाच्या कणीएवढे. ते हा शेकड्यांनी घेतो, एकेक मोजतो, तंतोतंत सारख्यांच्या जोड्या लावतो आणि शिडीसारखे रचतो. कपाळाला भिंग बांधून सकाळी बसला की संध्याकाळपर्यंत निवडतच असतो. जेवतानासुद्धा डाव्या हाताने निवडतो. वर गुणगुणतो, आणि तेही बेसूर. आवाजाचं यंत्र करणाऱ्या माणसाला तीन वर्षांत एक सूर लागू नये म्हणजे काय. हसला की त्याचं भिंग नाकावर घसरतं. पण तो मुद्दा नाही.

मुद्दा असा की दोन्ही डब्यांत काहीतरी मिळवण्यासाठी काहीतरी सोडलेलं आहे. सगळंच एका डब्यात मावत नाही. कुणी काय सोडलं ते सांगत नाही, नाहीतर तू तेच शोधत बसशील. आमच्याकडे नऊ जणांनी ऐकलं. पाच क म्हणाले, चार ख म्हणाले. मग आमच्या बाईंनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, गुपचूप ख डब्याचा आवाज किंचित वाढवला तर आठ जण ख म्हणाले. माणसाला जरा मोठ्याने ऐकू आलं की ते चांगलंच वाटतं. बाई वैतागल्या. म्हणाल्या, कानावर पोट भरलेला कुणी आहे का तुमच्या ओळखीत? माझ्या तोंडून निघून गेलं की माझी मावशी एकतीस वर्षं कोर्टात हेडफोन लावून साक्षी टाइप करत होती. बाई म्हणाल्या, ठरलं, तिचं लेखी मत ते शेवटचं. शिडीवालाही लगेच हो म्हणाला.

फक्त कुठला डबा कुणाचा हे तुला कळता कामा नये. म्हणून मत येईपर्यंत आपला फोन बंद, जे काय ते पत्राने, आणि माझी पत्रं बाई वाचून पाठवणार. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे त्यांनीही ओळखलंय.

तुझी,
फिरकी


११ मार्च

प्रिय फिरकी,

पार्सल आधी उघडलं. पत्र नंतर वाचलं.

मत रीतसर टाइप करून वेगळ्या कागदावर जोडलंय, ते तुझ्या बाईंच्या हातात दे. थोडक्यात सांगायचं तर ख डबा सर्व बाबतींत सरस. आवाज स्वच्छ, मोकळा, ठसठशीत. खरखर औषधालाही नाही. क डबा आपला बरा आहे, कुणाला भेट द्यायला वगैरे. माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. कुणी उलटतपासणी घेतली तरी मी हेच सांगेन.

तुझ्या पत्राबद्दल एक निरीक्षण. स्वतःच्या डब्यावर त्यात अवाक्षर नाही, ते नियमाला धरून झालं. पण समोरच्या टेबलावर आठ-नऊ ओळी आहेत. ओळी मोजायची मला सवय आहे. भिंग नाकावर घसरतं ही माहिती मला डबा ऐकायला कशी उपयोगी पडावी हे मी अजून शोधतेय. त्या माणसाला म्हणावं, वाईट वाटून घेऊ नकोस, चार्जरही लोकांना लागतातच.

इकडे सगळं छान. काका बरे आहेत. जेवणाच्या टेबलाशी ते इतकी वर्षं माझ्या डावीकडे बसायचे, त्यांना आता उजवीकडे बसवलंय. तिकडे उजेड चांगला येतो. सुरुवातीला कुरकुरले, आता सवय होतेय.

माझी तब्येत उत्तम. कान वगैरे सगळं उत्तम.

मावशी


१७ मार्च, दुपारी दीड

मावशी,

ख त्याचा आहे.

मी क आहे. मी "आपला बरा" आहे. मी कुणाला भेट द्यायच्या लायकीची आहे.

तुझा राग नाही. तू ऐकलंस ते लिहिलंस, आणि तुझ्या कानापुढे मी कोण. मत बाईंना दिलं. तीन वाजता सगळ्यांसमोर वाचणार आहेत. मी माझ्या खणातले स्क्रूड्रायव्हर एका पिशवीत भरून ठेवलेत. चार्जर विभागात लागतील.

तोच दिवस, सव्वापाच

मावशी, मी जिन्यात बसून लिहितेय. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

बाईंनी तुझं मत वाचलं. "खरखर औषधालाही नाही" इथे शिडीवाल्याने हात वर केला. म्हणाला, "हे खोटं आहे." बाई म्हणाल्या, "तुमच्या बाजूनेच आहे ते." तो म्हणाला, "म्हणूनच सांगतो. माझ्या डब्यात खरखर आहे. तीन वर्षं मी ती रोज ऐकतोय, कमी करतोय, ती जात नाही. आवाज हळू केला की ती आणखी उघडी पडते. ज्या बाईंना ती ऐकू आली नाही त्या एकतर बहिऱ्या आहेत, नाहीतर कुणाच्या तरी मावशी आहेत."

बाई म्हणाल्या, "मावशी तर त्या आहेतच."

"मग त्यांनी भाचीचा म्हणून माझा डबा उचलला," तो म्हणाला, आणि खाली बसला. त्याचं भिंग नाकावर आलं होतं.

सगळे हसले. बाईसुद्धा. मी हसले नाही, मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं होतं. मावशी, खरं आहे का हे? तू माझ्यासाठी लबाडी केलीस आणि तीही चुकीच्या डब्यावर? तुझा इतका राग आलाय की समोर असतीस तर तुझ्याशी तासभर तरी बोलले नसते. आणि त्याच वेळी मी वरून इथपर्यंत दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरलेय आणि का ते मला सांगता येत नाही. हातात आलेला डाव स्वतःहून उधळणारा माणूस तू कधी बघितलायस? कोर्टात तरी?

बाईंनी पंधरा दिवस दिलेत. म्हणाल्या, मावशींना सगळं खरं कळवा आणि पुन्हा ऐकायला सांगा. या वेळी मावशी म्हणून नाही.

फिरकी


२४ मार्च

प्रिय फिरकी,

कबुलीजबाब टाइप करताना मी आजवर कधी अडखळले नव्हते. आज पहिल्या ओळीलाच तीनदा कागद बदलला.

होय, लबाडी केली. ख तुझा असं समजून केली. कारण विचारशील तर स्क्रू. ख डब्याच्या चारही स्क्रूंच्या खाचा एका दिशेला वळवलेल्या होत्या, कवायतीला उभ्या केल्यासारख्या. क डब्याला तीनच स्क्रू, आणि चौथ्याच्या जागी चिकटपट्टी. मी म्हटलं, माझी भाची चिकटपट्टी लावणं शक्य नाही. तुझ्याबद्दलचं माझं मत इतकं चांगलं आहे हे तू लक्षात घ्यावंस.

पण ही अर्धीच गोष्ट झाली. ख मी त्या दिवशी ऐकलाच नव्हता.

त्याच्या त्या वाक्यातला "बहिऱ्या" हा शब्द तू गमतीने कळवलास. मी तो पाच वेळा वाचला. सांगते. पार्सल आल्यावर मी आधी क लावला. कोर्टात ऐकायची तसा, अगदी हळू. दिवसभर ऐकायचं तर हळूच ऐकावं लागतं, नाहीतर निवृत्तीपर्यंत कान उरत नाहीत. पहिल्या ध्वनिमुद्रणात एक बाई काहीतरी वाचतेय. ती मधोमध हवी. ती उजवीकडे गेली होती. डावीकडे नुसती तिची सावली. दुसरं लावलं, तिसरं लावलं, चौथं लावलं. सगळी उजवीकडे. मी हेडफोन काढून ठेवला आणि बराच वेळ खिडकीशी उभी राहिले.

डावा कान हा माझा कामाचा कान. पुटपुटणारे साक्षीदार, रुमालात तोंड घालून बोलणारे, ते सगळे मी डाव्या कानाने पकडलेत. तो गेला असं मला वाटलं. कुणाला सांगायचा धीर झाला नाही. काकांना उजवीकडे बसवलं ते उजेडासाठी नव्हे. फार घाबरले होते मी, फिरकी. कानाचा भरवसा उरला नाही म्हणून डोळ्यांनी निवाडा केला, आणि वर ठसठशीत, मोकळा असले शब्द पेरले. एकतीस वर्षांत माझ्या हातून न ऐकलेलं एक वाक्य टाइप झालं नव्हतं. निवृत्त झाल्यावर अख्खं पान झालं.

आता दुसरी ऐकणी. डबे कुणाचे ते मला कळलं होतं, म्हणून खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना बोलावलं. काका चालले नसते, त्यांच्या चेहऱ्यावर सगळं छापून येतं. दंतवैद्य तोंडाला मास्क लावूनच आले. दोन्ही डबे काकांच्या मोज्यांत घातले, मध्ये चादर टांगली, पलीकडून डॉक्टर मनाला येईल तो डबा लावणार आणि क्रम कागदावर लिहिणार. आवाजाची पातळीही तेच सारखी ठेवणार. बारा फेऱ्या ठरल्या.

पहिली फेरी. मागे बारीक खरखर, आणि वाचणारी बाई मधोमध. मी म्हटलं, डॉक्टर, थांबा. त्यांना वाटलं मला चक्कर आली.

दुसरी फेरी. मागे काहीच नाही, इतकं काही नाही की वायर निघालीय असं वाटावं. आणि बाई पुन्हा उजवीकडे. तेव्हा मला ते आठवलं जे मी प्रत्येक नव्या टंकलेखिकेला पहिल्या दिवशी शिकवत आले: तक्रार करण्याआधी हेडफोन उलटा घालून बघ. डाव्याचा उजव्यावर, उजव्याचा डाव्यावर. बिघाड कानात असेल तर कानातच राहतो, यंत्रात असेल तर बाजू बदलतो. शेकडो वेळा सांगितलं असेन. स्वतःवर वेळ आली तेव्हा भीतीपोटी साफ विसरले.

उलटा घातला. बाई टुणकन डाव्या कानात आल्या, खणखणीत.

माझा कान शाबूत आहे, फिरकी. वाकडा आहे तो तुझा डबा. इतकी आनंदाची बातमी मला गेल्या दहा वर्षांत कुणी दिली नव्हती. मी चादरीपलीकडे जाऊन डॉक्टरांचे दोन्ही हात धरले, ते मोज्यांसकट. त्यांचा एक रुग्ण खाली गालात कापूस धरून वाट बघत होता, तो काय झालं बघायला वर आला, त्यालाही ऐकवलं. त्याला बोलता येत नव्हतं, पण त्याने बोटाने बरोबर बाजू दाखवली. उरलेल्या दहा फेऱ्या मी पूर्ण केल्या. बाराच्या बारा बरोबर. डॉक्टरांची सही जोडली आहे.

खरं मत असं. क: शांतता अप्रतिम, पण हळू आवाजात माणूस उजवीकडे सरकतो, आवाज वाढवला की मध्ये येतो. ख: माणूस जागेवरून हलत नाही, पण मागे खरखर; आवाज कितीही कमी करा, ती तेवढीच राहते. दोन्ही साक्षीदार अर्धं खरं बोलतात. एकाची निवड करून द्या म्हणाल तर मी सही करणार नाही.

काका पुन्हा डावीकडे बसले. त्यांनी कारण विचारलं नाही, नुसतं ताट सरकवलं.

मावशी


२ एप्रिल

प्रिय मावशी,

आधी भांडण. कान गेला असं वाटलं आणि तू मला कळवलं नाहीस. त्या आठवड्यात मी इथे स्क्रूड्रायव्हर भरत बसले होते आणि तू तिकडे खिडकीशी एकटी उभी होतीस. पुन्हा असं केलंस तर मी येऊन राहीन, आणि मी राहायला आले की काय होतं ते काकांना विचार. झालं भांडण.

आता ऐक. तुझं पत्र मी सगळ्यांसमोर वाचलं, चिकटपट्टीसकट. ती चिकटपट्टी माझीच. स्क्रू टेबलाखाली गेला होता आणि शोधायला वेळ नव्हता.

दोष आवाजाच्या चाकात आहे. माझ्या डब्यात आवाज कमी-जास्त करायला एक छोटं फिरतं चाक आहे, त्याच्या पोटात डाव्या कानासाठी एक पट्टी आणि उजव्यासाठी एक. चाक अगदी खाली आणलं की त्या दोन पट्ट्या सारख्या राहत नाहीत. आम्ही सगळे दणक्यात ऐकणारे, इतक्या हळू कुणी ऐकलंच नव्हतं. शिडीवाल्याने चाक लावलेलंच नाही. तो आधी आकडेच लहान करतो, त्यामुळे दोन्ही कानांना काटेकोर सारखं मिळतं. पण खरखर त्याच्या पुढे तयार होते, तिला कुणी लहान करत नाही. मी शांततेसाठी मध्य सोडला आणि त्याने मध्यासाठी शांतता सोडली, आणि तीन वर्षं आम्ही समोरासमोर बसून एकमेकांना शहाणपण शिकवत होतो.

मी वाचत असताना तो माझा डबा उघडून बघत होता. म्हणाला, "चाक काढ." मी म्हटलं, "आणि काय लावू, तुझं डोकं?" तो म्हणाला, "माझी शिडी." आवाज करायला नाही, आवाज कमी करायला. त्याने जुळवलेल्या रेझिस्टरच्या जोड्या चाकाच्या जागी पायऱ्या म्हणून बसवायच्या. पायरी उतरली की दोन्ही कान बरोबरीने उतरतात, आणि मागे जी काही बारीक खरखर असेल तीही सोबत उतरते. मी मनात त्याला शिव्या देत होते की हे मला का नाही सुचलं.

बाईंनी जूनपर्यंत मुदत दिली आहे. जमलं तर एकच डबा, दोघांचा. नाही जमलं तर दोघांचीही चार्जर विभागात पाठवणी. निकाल पुन्हा तुझाच.

आमची टेबलं जोडली आहेत. रोज भांडतो. त्याला एकशेअठ्ठावीस पायऱ्या हव्यात, मला बत्तीस. पायऱ्या वाढल्या की डबा लांबतो आणि बॅटरी लवकर संपते. पायऱ्या कमी केल्या तर आवाज एकदम धपकन पडतो. शिवाय दर पायरीला बारीकशी टिक होते. आज चौसष्टवर तह झाला. आमच्यात बाकी तसं काही नाही. तू ओळी मोजशील म्हणून आधीच सांगून ठेवते.

फिरकी


४ जून

प्रिय मावशी,

डबा पाठवतेय. एकच आहे, वर अक्षर नाही. चारही स्क्रू आहेत.

मोबाइलमध्ये एक नवीन ध्वनिमुद्रण आहे, परवा चाचणीच्या खोलीत केलेलं. शिडीवाला रेझिस्टरची यादी वाचतोय, आठ मिनिटं. तुझ्या पद्धतीने, अगदी हळू ऐक आणि मत लिही. बाई सोमवारी, सोळा तारखेला, ठरवणार.

पहिली पाच मिनिटं ऐकलीस तरी पुरे. पुढे तेच आहे.

फिरकी


९ जून

प्रिय फिरकी,

साक्ष अर्धी ऐकून उठायची मला सवय नाही.

मत असं. डबा लावला, काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं बंद आहे. मग तो माणूस बोलायला लागला, बरोबर मधोमध, नाकासमोर. चौसष्ट पायऱ्या उतरत गेले, शेवटच्या पायरीपर्यंत तो मधून हलला नाही. हेडफोन उलटा घातला, तरी हलला नाही. टिक ऐकू येते. चालेल, घड्याळाची आपण ऐकतोच. हाच डबा करा. सही केली आहे, या वेळी ऐकून.

यादी आठव्या मिनिटाला संपते. त्यानंतर यंत्र बंद करायचं कुणीतरी विसरलं. पुढचं बोलणं माइकपासून लांब, बहुधा दाराजवळ झालेलं आहे. ख डब्यात ते खरखरीखाली गेलं असतं, आणि क लावून बसले असते तर डाव्या बाजूचं अर्धं मला मिळालंच नसतं. या डब्यात अक्षरन् अक्षर लागलं. नियमाप्रमाणे उतरवून देते.

(खुर्ची सरकल्याचा आवाज.)

पुरुष: झालं?

स्त्री: झालं. आता मावशी आणि बाई.

पुरुष: हो म्हणाल्या तर उत्तम. नाही म्हणाल्या तर चार्जर विभागात दोन टेबलं शेजारी लागतात. खिडकीखाली. मी टेप घेऊन मोजून आलोय.

(खुर्ची पुन्हा सरकल्याचा आवाज.)

स्त्री: कधी गेला होतास?

पुरुष: मार्चमध्ये. मावशींचं मत आलं त्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत. तू स्क्रूड्रायव्हर पिशवीत भरताना दिसलीस तेव्हाच कळलं.

स्त्री: तेव्हा तर तू जिंकला होतास.

पुरुष: हो. म्हणून तर मोजायला गेलो.

(स्त्री हसते. किंवा रडते. पुन्हा ऐकलं तरी ठरवता आलं नाही. दोन्ही असावं.)

सत्यप्रत. दोन प्रती काढल्या आहेत. तुझ्या बाईंच्या प्रतीत फक्त यादी आहे, आठ मिनिटांपर्यंतची. ही दुसरी तुम्हा दोघांसाठी.

काका मघापासून मागे उभे राहून वाचतायत आणि विचारतायत, लग्न कुठल्या महिन्यात. मी त्यांना सांगितलं, ध्वनिमुद्रणात तेवढं आलेलं नाही.

मावशी